अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची मतपत्रिका

15 एप्रिल 2020. कोरोनाच्या पहिल्या लाटेत दक्षिण कोरियात संसदेची निवडणूक झाली. तोंडाला मास्क, हातात प्लॅस्टिकचे मोजे, दारात ताप मोजणारा कर्मचारी, अशा बंदोबस्तात लोकांनी मतदान केलं. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळाल्या. एक मतदारसंघातल्या उमेदवारासाठी, दुसरी पक्षासाठी. ही दुसरी पत्रिका 48.1 सेंटिमीटर लांब होती. तिच्यावर 35 पक्षांची नावं होती आणि मोजणीच्या यंत्रात ती मावत नव्हती, म्हणून ही मतं हातानं मोजावी लागली.

त्या पत्रिकेवर आणखी एक गोष्ट खटकणारी होती. पक्षांचे क्रमांक एकपासून नव्हे, तीनपासून सुरू होत होते. पहिले दोन क्रमांक देशातल्या सर्वांत मोठ्या दोन पक्षांचे, आणि तेच दोन पक्ष पत्रिकेवर नव्हते. असं का झालं हे समजून घ्यायचं तर आदल्या वर्षी सोलच्या योईदो बेटावरच्या संसद भवनात काय घडलं तिथून सुरुवात करावी लागते.

दोन मतं, तीनशे जागा

दक्षिण कोरियाच्या संसदेत, म्हणजे नॅशनल असेंब्लीत, एकच सभागृह आणि 300 जागा आहेत. 2019 पर्यंत त्यांतल्या 253 जागा मतदारसंघांतून भरल्या जात. आपल्या लोकसभेसारखंच, ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून आला. उरलेल्या 47 जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जात आणि पक्षानं आधी जाहीर केलेल्या यादीतून त्या भरत. पक्षासाठीचं हे वेगळं मत 2004 च्या निवडणुकीपासून आलं.

या रचनेत दोन्ही हिशेब स्वतंत्र राहत. मतदारसंघात कुणी कितीही जागा जिंकल्या, तरी यादीच्या 47 जागांत त्याचा वाटा वेगळा निघे. मोठ्या पक्षाला दोन्हीकडून लाभ होई. लहान पक्षाची मतं देशभर विखुरलेली असतात. मतदारसंघात त्याचा टिकाव लागत नाही आणि 47 जागांतला त्याचा वाटा अगदीच तुटपुंजा ठरतो. 2016 मध्ये डाव्या विचारांच्या जस्टिस पक्षाला 7.2 टक्के मतं मिळाली, जागा मात्र 300 पैकी 6. मतांच्या हिशेबानं त्या वीसच्या पुढे जायला हव्या होत्या.

म्हणून मागणी अशी होती की पक्षाला मिळालेल्या मतांवरून त्याच्या एकूण जागा ठरवाव्यात, आणि मतदारसंघांत जेवढ्या कमी पडतील तेवढ्या यादीतून भरून द्याव्यात. जर्मनीतल्या पद्धतीशी मिळतीजुळती ही रचना. 2015 मध्ये कोरियाच्या निवडणूक आयोगानंच या दिशेची शिफारस संसदेला केली होती, त्यामुळे ही निव्वळ लहान पक्षांची ओरड होती असं म्हणता येणार नाही.

उपोषणातून निघालेला करार

डिसेंबर 2018 मध्ये बारुन मिरे या मध्यममार्गी पक्षाचे ज्येष्ठ नेते सोन हाक-ग्यू आणि जस्टिस पक्षाच्या ली जोंग-मी यांनी याच मागणीसाठी संसदेत उपोषण केलं. दहाव्या दिवशी, 15 डिसेंबरला, पाच पक्षांनी एका कागदावर सह्या केल्या. निवडणूक पद्धत बदलण्याचा सक्रिय विचार करू, असं त्यात म्हटलं होतं. सह्या करणाऱ्यांत उजव्या लिबर्टी कोरिया पक्षाच्या संसदीय नेत्या ना क्युंग-वॉन यांचीही सही होती.

तीन महिन्यांत त्या पक्षानं भूमिका पार बदलली. मार्च 2019 मध्ये त्यांनी उलटाच प्रस्ताव मांडला: यादीच्या जागाच रद्द करा आणि 270 मतदारसंघांची संसद करा. इथून पुढे तडजोडीची वाट बंद झाली. राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांचा डेमोक्रॅटिक पक्ष आणि तीन लहान पक्ष एकत्र आले आणि लिबर्टी कोरियाला वगळून पुढे जायचं ठरलं. डेमोक्रॅटिक पक्षाला मुख्यतः वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारी स्वतंत्र संस्था हवी होती. लहान पक्षांना निवडणूक पद्धत बदलून हवी होती. दोन्ही विधेयकांची एकत्र मोट बांधली गेली. माझ्या मते पुढच्या बऱ्याच कटुतेचं मूळ या देवाणघेवाणीत आहे. मतदानाचे नियम कोणत्याही दुसऱ्या सौद्याला बांधले की त्यांच्याकडे कुणी नियम म्हणून बघत नाही.

जलद मार्ग म्हणजे काय

कोरियाच्या संसदेला हाणामारीचा जुना इतिहास आहे. 2008 मध्ये अमेरिकेशी मुक्त व्यापार कराराच्या वादात समितीच्या बंद दारावर घण चालवले गेले. 2011 मध्ये त्याच करारावर मतदान होताना एका खासदारानं सभागृहात अश्रुधुराची नळकांडी फोडली. लोकांना या प्रकारांचा वीट आला आणि 2012 मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून संसदेच्या कायद्यात सुधारणा केली.

तिचे दोन भाग इथे महत्त्वाचे. समितीतल्या तीन पंचमांश सदस्यांनी पाठिंबा दिला तर एखादं विधेयक ‘जलद मार्गा’वर टाकता येतं. नाव जलद असलं तरी त्याला जास्तीत जास्त 330 दिवस लागू शकतात. मात्र एकदा ते त्या मार्गावर गेलं की कुणालाही ते दाबून ठेवता येत नाही, शेवटी मतदान होतंच. दुसरा भाग शिक्षेचा. संसदेचं कामकाज बळानं रोखलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, आणि या कलमाखाली 50 लाख वॉन किंवा त्याहून जास्त दंड झाला तर खासदारकी जाते.

म्हणजे एप्रिल 2019 मधली लढाई अंतिम मतदानाची नव्हती. विधेयकं जलद मार्गावर जाऊ द्यायची की नाही, एवढ्यावरच ती लढली गेली.

एप्रिलचे ते सहा दिवस

सगळा खेळ समितीतल्या एकेका मतावर होता. भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या संस्थेचं विधेयक न्यायसुधारणा समितीकडे होतं. तिथे बारुन मिरे पक्षाचे ओ शिन-ह्वान यांनी आपण विरोधात मत देणार असं जाहीर केलं. त्यांच्या पक्षानं त्यांना समितीतून काढून चे यी-बे यांना नेमायचं ठरवलं. 24 एप्रिलला लिबर्टी कोरियाचे खासदार सभापती मून ही-सांग यांच्या दालनात घुसले आणि या बदलीला मंजुरी देऊ नका म्हणून त्यांना घेरलं. त्या गोंधळात सभापतींची प्रकृती बिघडली आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुग्णालयातूनच बदलीला मंजुरी दिली.

25 एप्रिलला सकाळी लिबर्टी कोरियाचे काही खासदार चे यांच्या कार्यालयात गेले आणि दाराला आतून सोफा लावून बसले. चे यांना बैठकीला जाऊ द्यायचं नाही, एवढाच बेत. खिडकीच्या फटीतून चे बाहेरच्या पत्रकारांशी बोलले आणि पोलिसांना बोलावलं. जवळपास सहा तासांनी त्यांची सुटका झाली. निवडून आलेल्या माणसाला त्याच्याच खोलीत कोंडून ठेवणं याला आंदोलन म्हणता येत नाही. घोषणा देता येतात, सभात्याग करता येतो, जमिनीवर ठिय्या मारता येतो. दुसऱ्याचं मत अडवून धरण्याचा हक्क कुणालाच नाही.

त्याच रात्री भवनाच्या सातव्या मजल्यावर विधेयकं दाखल करून घेणाऱ्या कार्यालयाभोवती विरोधकांनी कडं केलं. निवडणूक सुधारणेचं विधेयक तोवर दाखल झालं होतं. इथे प्रश्न त्याच्या जोडीच्या विधेयकांचा होता. कागद हातानं देता येईनात म्हणून ते फॅक्सनं पाठवले गेले. आलेले कागद हिसकावून घेतले गेले आणि फॅक्स यंत्रही मोडलं. मध्यरात्रीनंतर सुरक्षारक्षकांनी पहार आणि हातोडा घेऊन बंद दार उघडण्याचा प्रयत्न केला. त्या पहारीची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. शेवटी 26 एप्रिलला राहिलेली विधेयकं संसदेच्या संगणक प्रणालीतून दाखल झाली. कोरियात असं पहिल्यांदाच घडलं.

29 एप्रिलच्या रात्री निवडणूक सुधारणा समितीची बैठक ठरली. ठरलेल्या दालनासमोर विरोधक ठाण मांडून बसले, म्हणून बैठक दुसऱ्या दालनात हलवली गेली. अध्यक्षस्थानी जस्टिस पक्षाच्या शिम सांग-जुंग होत्या. बाहेर ‘हुकूमशाही उलथवा, राज्यघटना वाचवा’ अशा घोषणा चालू होत्या. ऐंशीच्या दशकात लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी आणि कामगार याच धाटणीच्या घोषणा देत रस्त्यावर उतरले होते. आता त्या उजव्या पक्षाच्या तोंडी होत्या. गुप्त मतदान सुरू झालं तेव्हा लिबर्टी कोरियाचे एक खासदार मतदानाच्या आडोशात शिरले आणि वेळ काढण्यासाठी बराच वेळ तिथेच उभे राहिले. मध्यरात्रीनंतर, म्हणजे 30 एप्रिलला, निकाल लागला. 18 पैकी 12 मतं बाजूनं. लागत होती 11.

विरोधकांचं म्हणणं काय होतं

त्यांच्या कृत्यांचा निषेध करताना त्यांचा मुद्दा मात्र नीट ऐकून घ्यायला हवा. दोन आक्षेप होते. पहिला असा की ही पद्धत सामान्य मतदाराला समजणारी नाही. आपल्या मतातून जागा कशी निघते हे लोकांना सांगता येत नसेल तर ती पद्धत लोकशाहीची कशी? दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता. निवडणुकीचे नियम बदलताना मोठ्या पक्षांची सहमती घ्यायची, हा तिथला रिवाज होता. इथे सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाला बाजूला ठेवून नियम बदलले जात होते. त्यातून डेमोक्रॅटिक पक्षाच्या मित्रांच्या जागा वाढतील आणि संसदेत त्यांचं कायमचं बहुमत होईल, अशी भीती त्यांना वाटत होती.

पहिला आक्षेप मला पटत नाही. आपल्याकडे राज्यसभेला किंवा विधान परिषदेला पसंतीक्रमानं मतं पडतात, कोटा निघतो, उरलेली मतं पुढच्या नावाकडे जातात. हे गणित सगळ्यांना येत नाही, तरी ते न्याय्य आहे. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. फक्त तो घेणाऱ्यांनी 15 डिसेंबर 2018 च्या कागदावर सही केली होती आणि नंतर चर्चेच्या टेबलावर यादीच्या जागाच रद्द करण्याचा प्रस्ताव ठेवला होता. सहमती मागणाऱ्याला सहमतीसाठी जागाही सोडावी लागते.

डिसेंबर: पन्नास तासांची भाषणं

मुदत भरत आली तशी लढाई रस्त्यावर गेली. लिबर्टी कोरियाचे प्रमुख ह्वांग क्यो-आन यांनी 20 नोव्हेंबरपासून राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाजवळ कडाक्याच्या थंडीत उपोषण केलं. आठव्या दिवशी शुद्ध हरपल्यानं त्यांना रुग्णालयात हलवलं.

23 डिसेंबरच्या रात्री विधेयक सभागृहात आलं आणि विरोधकांनी कायद्यानं दिलेलं हत्यार उचललं: अमर्याद भाषण. 15 खासदार एकामागून एक बोलले. सत्ताधारी बाजूचेही विधेयकाच्या समर्थनार्थ बोलले. हे सुमारे 50 तास चाललं. 25 डिसेंबरच्या मध्यरात्री अधिवेशन संपलं आणि भाषणंही संपली. नियमच तसा होता: अधिवेशन संपलं की चर्चा संपली असं धरायचं आणि पुढच्या अधिवेशनात थेट मतदान घ्यायचं. म्हणून सत्ताधाऱ्यांनी मुद्दाम दोन-तीन दिवसांची छोटी अधिवेशनं बोलावली होती. कायद्याच्या चौकटीत हे बसत होतं, पण चर्चेला कात्री लावण्याचाच हा प्रकार होता.

27 डिसेंबरला लिबर्टी कोरियाच्या खासदारांनी सभापतींच्या आसनाभोवती कडं केलं आणि हातांत फलक धरून रस्ता अडवला. सुरक्षारक्षकांच्या मदतीनं सभापती आसनावर पोहोचले. मतदान झालं: बाजूनं 156, विरोधात 10, तटस्थ 1.

अर्ध्या जोडणीचं गणित

मंजूर झालं ते मूळ विधेयकाचं बरंच आक्रसलेलं रूप होतं. मूळ प्रस्तावात यादीच्या जागा 47 वरून 75 करायच्या होत्या. आपला मतदारसंघ गमवायला कुणीच खासदार तयार नव्हता, त्यामुळे आकडा पुन्हा 253 अधिक 47 वर आला. मतदानाचं वय 19 वरून 18 झालं, हा त्यातला निर्भेळ चांगला भाग.

नवी जोडणी अर्धीच होती. समजा एका लहान पक्षाला 10 टक्के मतं मिळाली. 300 जागांत त्याचा हक्क 30 जागांचा. मतदारसंघांत त्यानं 4 जिंकल्या तर 26 कमी पडल्या. कायदा म्हणतो, त्यांतल्या निम्म्याच, म्हणजे 13, भरून देऊ. त्यातही 2020 पुरती अट अशी की भरपाई 47 पैकी फक्त 30 जागांतून मिळेल आणि सगळ्यांची मागणी त्याहून जास्त झाली तर प्रमाणात काटछाट होईल. उरलेल्या 17 जागा जुन्याच पद्धतीनं.

आता मोठा पक्ष घ्या. मतं 35 टक्के, हक्क 105 जागांचा, मतदारसंघांत जिंकल्या 120. कमी काहीच पडलं नाही, म्हणून त्या 30 जागांतून भरपाई शून्य. सुधारणेचा उद्देश नेमका हाच होता.

पळवाटही याच हिशेबात होती. त्याच मोठ्या पक्षानं यादीसाठी एक वेगळा पक्ष काढला तर काय? या नव्या पक्षानं मतदारसंघांत उमेदवारच द्यायचे नाहीत. मग त्याच्या मतदारसंघातल्या जागा शून्य. 35 टक्के मतदारांनी त्याला मत दिलं की 105 च्या 105 जागा ‘कमी’ पडलेल्या आणि भरपाईचा सिंहाचा वाटा त्याचा.

उपग्रह पक्ष

लिबर्टी कोरियानं हे करणार असल्याचं विधेयक मंजूर होण्याआधीच बोलून दाखवलं होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांनी ‘फ्युचर कोरिया’ नावाचा पक्ष उभा केला. आधी ठरवलेल्या नावात ‘प्रमाणबद्ध’ हा शब्द होता, तो निवडणूक आयोगानं नाकारला. त्याच महिन्यात मूळ पक्षही इतर उजव्या गटांशी एकत्र येऊन ‘युनायटेड फ्युचर’ झाला.

डेमोक्रॅटिक पक्षानं आधी याला लोकशाहीची थट्टा म्हटलं. मार्चमध्ये सदस्यांचं ऑनलाइन मतदान घेतलं आणि स्वतःही तेच केलं. ज्यांनी कायदा आणला त्यांनीच तो मोडायला हातभार लावला, आणि माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर दोष हाच आहे. एप्रिलमधली पहार दाराला लागली होती. मार्चमधला हा निर्णय थेट कायद्याच्या मुळावर आला.

पत्रिकेवरचे पहिले दोन क्रमांक नाहीसे झाले ते यामुळे. क्रमांक संसदेतल्या जागांवरून ठरतात. मूळ पक्षांनी यादीच दिली नाही, म्हणून एक आणि दोन गळाले. उपग्रहांना वरचा क्रमांक मिळावा म्हणून दोन्ही पक्षांनी आपले काही विद्यमान खासदार तिकडे धाडले. यादीतून आलेल्या खासदारानं स्वतः पक्ष सोडला तर त्याची जागा जाते, पक्षानं हाकललं तर जात नाही. म्हणून त्यांना रीतसर ‘हाकलण्यात’ आलं.

निकालात डेमोक्रॅटिक पक्षाला मतदारसंघांत 163 आणि त्याच्या उपग्रहाला 17, मिळून 180 जागा. विरोधकांना 84 आणि 19. जस्टिस पक्षाची मतं वाढून जवळपास 9.7 टक्के झाली, जागा 6. चार वर्षांपूर्वीही 6 च होत्या. निवडणूक होताच दोन्ही उपग्रह आपापल्या मूळ पक्षांत विलीन झाले.

आपल्याकडची एक आठवण

निवडणुकीच्या नियमांवरून विरोधकांना बाहेर ठेवून कायदा होणं आपल्याला परकं नाही. डिसेंबर 2023 मध्ये संसदेच्या सुरक्षेतल्या त्रुटीवर सरकारनं निवेदन करावं अशी मागणी करणाऱ्या विरोधकांचं मोठ्या संख्येनं निलंबन झालं. दोन्ही सभागृहांत मिळून हा आकडा 146 होता. सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे हे महाराष्ट्रातले खासदारही त्यांत होते. मुख्य निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीचं विधेयक लोकसभेनं 21 डिसेंबरला मंजूर केलं ते अशा रिकाम्या बाकांसमोर. निवड समितीत पंतप्रधान, एक केंद्रीय मंत्री आणि विरोधी पक्षनेता असे तिघे असतील, हे त्यातून ठरलं. पंच कुणी निवडायचा हा प्रश्न दोन्ही संघ मैदानात असताना सोडवायचा असतो. सोलमध्ये विरोधक दार अडवून बसले, दिल्लीत ते दाराबाहेर होते. दोन्हीकडे कायद्याला उणीव राहिली ती एकाच गोष्टीची.

पुढे काय झालं

कोरियात 2024 च्या निवडणुकीआधी पद्धत बदलण्याची चर्चा झाली, पण ती तशीच राहिली. 30 जागांची मर्यादा उठली. दोन्ही मोठ्या पक्षांनी पुन्हा उपग्रह पक्ष काढले. पक्षांची संख्या 38 वर गेली आणि मतपत्रिका 51.7 सेंटिमीटरची झाली.

एप्रिल 2019 च्या धुमश्चक्रीच्या खटल्याचा निकाल साडेसहा वर्षांनी लागला. 20 नोव्हेंबर 2025 रोजी सोलच्या न्यायालयानं लिबर्टी कोरियाच्या तेव्हाच्या नेत्यांना दोषी ठरवलं. ना क्युंग-वॉन यांना एकूण 2 कोटी 40 लाख वॉन, ह्वांग क्यो-आन यांना 1 कोटी 90 लाख वॉन दंड झाला. संसदेच्या कायद्याखालचा दंड मात्र 50 लाखांच्या आत ठेवला गेला, त्यामुळे खासदारकी कुणाचीच गेली नाही.

सुधारणेचं विधेयक मांडणाऱ्या शिम सांग-जुंग 2024 मध्ये आपल्या मतदारसंघात हरल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. त्यांच्या पक्षाला पक्षमतांत 3 टक्क्यांची किमान मर्यादाही ओलांडता आली नाही. आज त्या संसदेत त्यांचा एकही खासदार नाही.